‘मागे बसल्यावर बेल्ट कशाला?’ या मेसेजला उत्तर

नवरात्र जवळ आली की बडोद्यातल्या मराठी घरांच्या व्हॉट्सॲप गटांत एक मेसेज फिरू लागतो. गावातल्या गावात गाडी चाळीसच्या वर जात नाही, मागे बसणाऱ्याला पुढच्या सीटची आड असते, नव्या गाड्यांना एअरबॅग असतातच, उलट बेल्टमुळे माणूस आत अडकतो. तेव्हा गरब्याला निघालेल्या पोरांमागे बेल्टची कटकट नको, असं त्याचं म्हणणं.

आधी चाळीसचं बघू. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११ मीटर. या वेगाने आदळणं हे सहा मीटरांवरून, म्हणजे दुमजली घराच्या गच्चीवरून पडण्याइतकं आहे. बेल्ट असेल तर गाडीचं नाक चेपतं, पट्टा थोडा ताणतो आणि ५५ किलोच्या मुलीला थांबायला साधारण अर्धा मीटर मिळतो. तरी सरासरी ७०० किलोचा भार येतोच, पण तो कमरेच्या हाडांवर, छातीवर आणि खांद्यावर वाटला जातो. बेल्ट नसेल तर गाडी थांबते आणि मुलगी चाळीसनेच पुढे जाते. मग पाच सेंटीमीटरांत थांबली तर भार दहापट. ‘सीट घट्ट धरून बसेन’ म्हणणाऱ्याने ७०० किलोचाच विचार करावा. शिवाय मध्यरात्री रस्ते रिकामे झाल्यावर काटा चाळीसवर राहतो का, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

पुढची सीट ही आड नव्हे. बेल्ट न लावलेला माणूस तिच्यावर मागून आदळतो, आणि पुढच्याने बेल्ट लावलेला असला तरी त्यालाही इजा करतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. मागे बसलेले दोघे बेल्टशिवाय होते, ते गेले. पुढचे दोघे जखमी झाले, पण वाचले.

एअरबॅग बेल्टला जोड म्हणून असते, बदली म्हणून नाही. सहा एअरबॅगच्या गाडीतही मागच्यांना सहसा बाजूच्या पडद्याची बॅग मिळते, समोरची नाही.

अडकण्याची भीती खोटी म्हणता येणार नाही, पण झटक्याने लॉक होतो तो पट्ट्याचा रीळ. बकलचं लाल बटण वेगळं असतं आणि दाबलं की सुटतं. विश्वामित्री नदीच्या पुरासारख्या पाण्यात गाडी गेलीच तर क्रम असा: बेल्ट सोडा, काच उघडा, बाहेर पडा. बटण दाबायला शुद्ध लागते, आणि ती राहण्याची शक्यता बेल्टनेच वाढते.

खरी अडचण मेसेजमध्ये नाहीच. गरब्याच्या गाडीत पाचाच्या जागी सात जण असतात, आणि चणियाचोळीच्या घेरात बकल सापडत नाही. घेर दोन्ही बाजूंनी वर उचलून कमरेचा पट्टा पोटावर नव्हे, कमरेच्या हाडांवर, मांड्यांना लागून घ्यायचा. खांद्याचा पट्टा गळपट्टीच्या हाडाच्या मध्यावरून. ओढणी, ऑक्सिडाइज्डचा जाड हार किंवा आरशांची पट्टी त्याखाली नको. हार काढून पर्समध्ये टाका. मग खांद्याकडून ओढून ढिलाई काढा. चोळी चुरगळते म्हणून पट्टा काखेखालून घेतला तर सगळा भार बरगड्यांवर, त्यामागच्या यकृत-प्लीहेवर येतो. एका पट्ट्यात दोघी नकोत. मुलाची उंची १४५ सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तर बूस्टर, म्हणजे बसायची उंची वाढवणारी गादी हवी.

आधी दिवसाउजेडी मागची सीट तपासा. शिवलेल्या कव्हरखाली बकल गाडली गेलेली असतात. कव्हर कापून ती वर काढा. बेल्टची घंटा बंद करायची खोटी क्लिप असेल तर फेकून द्या. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन कंपन्यांना या क्लिपांची विक्री थांबवायला लावलं.

कटकटीचं म्हणाल तर ती चालकाच्या एका सवयीने संपते: सगळी बकल लागल्याशिवाय गिअर टाकायचा नाही. केंद्राचा मोटार वाहन कायदाही चालकालाच धरतो, कलम १९४ब, प्रवाशाने बेल्ट लावला नसला तरी दंड १,००० रुपये. मित्राच्या गाडीत सोळा वर्षांच्या पोराला ‘बेल्ट लावा रे’ म्हणायला लाज वाटते, म्हणून त्याला एक वाक्य आधीच देऊन ठेवा: ‘थांब, माझं बकल सापडेना.’ ते सापडेपर्यंत गाडी थांबते, आणि बाकीचेही आपापलं शोधू लागतात.