आधी जात तर कळू दे

पाऊस सरला, सोयाबीन निघालं की संध्याकाळी आमच्या इंदूरच्या घरात ट्यूबलाइट लावणं म्हणजे किड्यांना आवतणच. काळे, चकचकीत, मोहरीपेक्षा जरा मोठे. पाण्याच्या तांब्यात पडतात, पोह्यांवर पडतात. शेवेत लगेच दिसतात. पोह्यांवरच्या जिरावण मसाल्यात पडलेला मात्र थेट दातांनाच कळतो.

आईने झाडू उचलला. मी म्हटलं, "थांब, आधी याची जात तर कळू दे."

"का? सोयरीक करायचीय?"

भिंग घेऊन बसलो. भुंगेऱ्याचे टणक पंख पाठीवर मधोमध सरळ रेषेत जुळतात. याच्या पाठीवर त्रिकोणी ढाल, तिच्यामागे पंखांची पातळ टोकं एकावर एक. जबडा नाही; रस शोषायची सोंड पोटाखाली दुमडलेली. मिशांना पाच पेरं. पायांच्या नळ्यांवर माती उकरायला राठ काटे. म्हणजे कुळ सिडनिडी, बहुतकरून जमिनीत राहून मुळांचा रस पिणारं.

पण कुळात बहुतेक काळे आणि बहुतेक तुकतुकीत! डिस्टंट नावाच्या इंग्रजाने १९०२ साली इथल्या या मंडळींची वर्णनं छापली, ती वाचताना वधूवरसूचक मंडळाची वही चाळल्यासारखं वाटतं. पुढचं पाहायचं तर डोक्याच्या कडेचे केस मोजा, गंधग्रंथीचं तोंड कसं आहे ते बघा. दोन-चार मिलिमीटरच्या जिवाच्या काखेत डोकावायचं! वास शोधावा लागत नाही म्हणा. चिमट्यात धरला की तो आपणहून देतो. एवढं करूनही कित्येकदा निवाडा नराच्या जननेंद्रियांवरच होतो. हे काही मी आईला सांगितलं नाही.

"कळली का जात?"

"ढेकणाच्या दूरच्या नात्यातला आहे."

झालं! रात्री नऊला घरातल्या सगळ्या गाद्या गच्चीवर. हा पलंगात राहत नाही, माणसाचं रक्त पीत नाही, हे मी गादीचं एक टोक धरून जिन्यात सांगत होतो. शेजारचे काका कठड्यावरून म्हणाले, "अरे भिया, लाइट बंद कर दो, अपने आप चले जाएँगे." उपाय अगदी बरोबर होता, म्हणूनच राग आला.

शेवटी किड्याची बाजू घ्यावी म्हणून सांगितलं, "आई, या कुळातल्या काही माद्या अंड्यांवर राखण बसतात. पिल्लांना बिया आणून भरवतात."

आईने उशी झटकली. "मग सांग तिला, लेकरांच्या जेवणाची वेळ झाली, घरी जा म्हणावं."