तारा तरी मोजा!

मुंबईच्या वाहतुकीवर व्याख्यान, आणि पडद्यावर पुन्हा तोच घोटाळा! 16 एप्रिल 1853 ची बोरीबंदर-ठाणे गाडी सांगायची आणि मागे व्हीटीची, म्हणजे आजच्या सीएसएमटीची, इमारत दाखवायची. अहो, तिचं बांधकामच 1878 ला सुरू झालं!

ट्रामचं तर विचारूच नका. 1874 ची ट्राम घोड्यांची, विजेची आली 1907 मध्ये. फोटोत ट्रामवर तार दिसतेय आणि वक्ते म्हणतात 1880! ट्रामला वर एकच तार पुरते, कारण वीज रुळांतून परतते. ट्रॉलीबस म्हणजे वरच्या तारांमधून वीज घेऊन रस्त्यावर धावणारी बस; तिला रूळच नाहीत, म्हणून तारा दोन. फोटोत टपावरून तारांना टेकलेले दांडे दोन असतील, तर ती साठच्या दशकातली ट्रॉलीबस. एवढं बघायला दोन मिनिटं लागतात, तीही काढवत नसतील तर तारखा छापता कशाला?