खुबा बदलल्यावर '२१ दिवस पडून राहा'? अजिबात नाही

'खुब्याचा सांधा बदलला की २१ दिवस पाय जमिनीला टेकवू नका, नाहीतर सांधा निखळतो. रोज पोटरी चोळा. वेदनाशामक गोळ्या टाळा.' हा मेसेज घरोघरी फिरतोय. सल्ला काळजीपोटी दिलेला असेल, पण तो पाळला तर पेशंटचं नुकसानच होईल.

आधी पडून राहण्याचं. बहुतेक पेशंटना ऑपरेशनच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभं करतात. हाड ठिसूळ असेल किंवा ऑपरेशनमध्ये तडकलं असेल, तर सर्जन भार कमी टाकायला सांगतात, तेवढा अपवाद. पडून राहिल्याने पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात, छातीत कफ साठतो, टाचांना जखमा होतात. सिस्टर पेशंटला एकदम उभं करत नाहीत. आधी पलंगाच्या कडेला बसवायचं, गरगरतंय का विचारायचं, बीपी बघायचं. मग वॉकर पुढे, त्यामागे ऑपरेशनचा पाय, शेवटी चांगला पाय.

सांधा निखळू शकतो, हे खरं. पण तो चालण्याने नव्हे, चुकीच्या बसण्या-वाकण्याने. विशेषतः मागच्या बाजूने छेद घेतला असेल, तर पहिले काही आठवडे खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकवायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाऊल आत वळवायचं नाही. म्हणजे धोका वॉकरपेक्षा खोल सोफ्यात आणि बुटक्या कमोडमध्ये जास्त! खुर्ची उंच, हातांची हवी. बसताना ऑपरेशनचा पाय पुढे सरकवायचा आणि हातांवर भार देत टेकायचं. चप्पल खाली पडली तर दुसऱ्याने उचलावी. छेद पुढून असेल तर नियम वेगळे असतात, म्हणून शेजारच्यांचे नियम उसने घेऊ नयेत.

पोटरी चोळणं तर नकोच. आत गुठळी असेल तर ती सुटून फुफ्फुसात जाऊ शकते. त्याऐवजी पावलं वर-खाली हलवत राहावीत आणि रक्त पातळ ठेवणारं औषध सांगितलेल्या दिवसापर्यंत घ्यावं.

गोळ्यांचं म्हणाल, तर दुखतंय म्हणून पेशंट व्यायामच करत नाही. गोळी व्यायामाच्या थोडं आधी दिली की काम सोपं होतं. तीव्र वेदनाशामकांनी बद्धकोष्ठता होते, ती सिस्टरना सांगायला लाजू नये.

आणि मेसेजमध्ये नसलेलं, पण खरं महत्त्वाचं: पोटरी सुजून दुखू लागली, जखमेतून पू आला, ताप चढला, तर लगेच डॉक्टरांना कळवा. धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर थेट इमर्जन्सी गाठा. अचानक कळ येऊन पाय आखूड दिसला, आत वळला, तर ओढून बसवायला जाऊ नका. पेशंटला आहे तसं झोपवून अँब्युलन्स बोलवा.