देऊळ मोठं झालं, राई गेली
शिमग्याला गावी जाऊन आलो त्याला आठवडा झाला तरी डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय. आमच्या देवीच्या देवळाचा जीर्णोद्धार झाला. कौलं जाऊन स्लॅब आला, जांभ्याच्या भिंतीवर टाइल्स बसल्या आणि पार्किंगसाठी मागची राई, म्हणजे देवीच्या नावाने राखलेली झाडी, साफ केली. त्यात तो जुना बेहडा पण गेला. त्याच्या ढोलीत दरवर्षी याच दिवसांत धनेशाची मादी बसायची, स्वतःला आत लिंपून घ्यायची, चोचीपुरती फट ठेवून, आणि नर उंबरं आणून भरवायचा. यंदा तिथे पेव्हर ब्लॉक आहेत.

आजी सांगायची, राईतली वाळकी काडी पण घरात आणायची नाही, देवीची आहे ती. चुलीला लाकूड नसलं तरी ती राईकडे बघायची नाही. शाळेत असताना मला ही अंधश्रद्धा वाटायची, पण अख्ख्या डोंगरावरची झाडं कोळशाला आणि गिरणीला गेली तेव्हा ही दोन एकर राहिली ती या धाकानेच ना?

१९७० च्या दशकात पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतीशास्त्रज्ञ वा. द. वर्तक सह्याद्रीतल्या अशाच राया, म्हणजे देवराया, फिरत होते. श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावची काळकाईची राई तेव्हा तोडीला निघाली होती, तर गावकऱ्यांनीच वर्तकांना कळवलं की ती वाचवा, आमचा झरा तिच्यामुळे वाहतो. म्हणजे देवी आणि पाणी या लोकांच्या मनात वेगळ्या गोष्टी नव्हत्याच.

आता श्रद्धा कमी झाली असं कोणी म्हणू नका, उलट मुंबईकरांनी वर्गणी भरभरून दिलीय, मी पण दिलीय. पण देऊळ बांधण्याआधी देवी म्हणजे झाडाखालचा पाषाण, वर छप्परसुद्धा नाही, राई हेच तिचं घर. आपण तिला गाभाऱ्यात नेलं आणि मग बाहेरची झाडं नुसती झाडं झाली, अडचण झाली. झाडं तोडायला देवीला कौल लावून विचारलं होतं, तिने उजवा दिला, म्हणजे होकार, म्हणतात. मला ते पटत नाही, आपल्याच घरावर कुऱ्हाड घालायला ती हो म्हणेल?

पऱ्ह्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, बाजूची पंधरा-वीस झाडं अजून उभी आहेत. त्यात एक सातवीण आहे, दोघांच्या कवेत मावणार नाही एवढी. मे महिन्यात गावकीची मीटिंग आहे, कंपाउंड वॉलचा विषय आहे. मी रजा टाकलीय. वाडीतले जे कोणी हे वाचताय, त्यांनी पण या.