जमीन आपली? आधी कागद बघा

घर घेण्यावरच्या एका लेखात म्हटलंय की फ्लॅटपेक्षा रो-हाऊस बरं कारण जमीन आपली असते. अहो, कागदावर बघा एकदा! आम्ही २००७ ला पुण्यात सिंहगड रोडला रो-हाऊस घेतलेलं, गेल्या वर्षी विकायला काढलं तेव्हा कळलं की बिल्डरने सोसायटीच्या नावे कन्व्हेयन्सच (जमिनीची मालकी सोसायटीला देणारा दस्त) करून दिलेलं नाही, म्हणजे सातबाऱ्यावर अजून जुन्या मालकाचंच नाव. आम्ही आपले सतरा वर्षं मागच्या अंगणात कढीपत्ता लावून खूश.

दुसरं म्हणजे मागे पत्रा टाकून जी खोली काढलेली (सगळ्या लाइनीने काढलीय, आम्ही काय एकटे नाही) ती मंजूर नकाशात नाही, मग गिऱ्हाइकाच्या बँकेचा व्हॅल्युअर (घराची किंमत ठरवणारा) टेप आणि नकाशा घेऊन आला आणि ती खोली सरळ वजा, लोन तेवढं कमी. आणि कॉमन भिंत! शेजाऱ्याच्या टेरेसचं पाणी आमच्या जिन्यात, बघायला आलेल्या काकूंनी नुसतं बोट लावलं तर रंगाचा पापुद्रा हातात. तिथेच भाव पडला.

घेणाऱ्यांनी पुण्यात ७% स्टॅम्प ड्युटी धरूनच बजेट करा, बाईच्या एकटीच्या नावावर घेतलं तर १% सूट आहे. आणि ५० लाख किंवा वर व्यवहार असेल तर १% टीडीएस (विकणाऱ्याच्या इन्कम टॅक्सपोटी) घेणाऱ्यानेच कापून भरायचा असतो, आमच्या गिऱ्हाइकाला हे रजिस्ट्रेशनच्या आदल्या रात्री समजलं 😄