वीरगळापुढची पाटी

आमच्या जिल्ह्याच्या सरकारी संग्रहालयात दर सुट्टीत भाचीला नेते आणि दर वेळी तोच संताप! पाटीवर काय, तर 'वीरगळ. दगड.' बस्स! अहो, वीरगळ म्हणजे लढताना मेलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड! खालच्या चौकटीत त्याची लढाई आहे, मधे अप्सरा त्याला स्वर्गात नेतायत, वर तो शिवलिंग पूजतोय. माथ्यावर चंद्रसूर्य, म्हणजे ते असेपर्यंत त्याची कीर्ती राहो. गावाची गुरं सोडवताना अशी किती माणसं मेली! चार ओळी लिहायला काय जातं? सातवाहनांची शिशाची नाणी तर मोबाइलच्या टॉर्चने बघावी लागतात. आणि अर्धे वीरगळ मागच्या अंगणात, पावसात, शेवाळ धरून झिजतायत. विचारलं की उत्तर ठरलेलं, "प्रस्ताव पाठवलाय." मागच्या वर्षीही पाठवलाच होता. तोवर त्या चौकटीतला घोडा निम्मा पुसला गेला.