कोपरापासून नमस्कार

ज्या गावावरून बॅडमिंटनला एके काळी ‘पूना’ म्हणत, त्या गावात आमची सकाळची बॅच खेळते. वयं पन्नाशीची, स्मॅशची हौस विशीतली. त्यामुळे कुणाचं ना कुणाचं कोपर कायम कामातून गेलेलं. वर ऐट अशी, की ‘सचिनलाही टेनिस एल्बो झाला होता!’ अहो, त्याचं 2005 साली ऑपरेशन झालं, ते जगातल्या गोलंदाजांना धुऊन काढल्यावर.

माझं कोपर शाबूत आहे, म्हणून बायकोने मला आधीच फिजिओकडे नेलं. ‘दुखतंय कुठे?’ ‘कुठेच नाही.’ बाईंना पहिल्यांदाच असा पेशंट मिळाला असावा. त्यांनी उत्साहाने सांगितलं, की मनगट वर उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला चिकटलेले असतात. उशिरा घेतलेल्या प्रत्येक बॅकहँडचा हिसका तिथे बसतो. म्हणून रॅकेट सैल धरायची, मूठ फक्त फटक्याच्या क्षणी आवळायची. मी सैल धरली. रॅकेट शेजारच्या कोर्टावर खेळून आली.

मग गटिंग, म्हणजे रॅकेटच्या तारा ताणून बसवणं. दुकानदाराने मोठ्या खेळाडूंसारखा 28 पाऊंडांचा ताण सुचवला. कोपराच्या काळजीने मी ‘22’ म्हटल्यावर त्याने मला नवशिक्यांच्या रॅकेटी दाखवायला घेतल्या.

घरी रोज पाण्याची भरलेली बाटली घेऊन व्यायाम. हात टेबलावर, तळवा खाली, मनगट टेबलाच्या कडेबाहेर. दुसऱ्या हाताने ते वर उचलायचं आणि सावकाश, अगदी सरकारी फायलीच्या वेगाने, खाली सोडायचं. शिवाय ओझं उचलताना तळवा वर हवा. मंडईतून भाजीची पिशवी तशी आणताना एका आजींनी माझ्या दुसऱ्या तळव्यावर दोन रुपये ठेवले.

खरा घात मात्र गणपतीत होतो. वर्षभर रॅकेटला हात न लावलेली माणसं सोसायटीच्या स्पर्धेत एका दिवसात पाच-पाच मॅच खेळतात आणि विसर्जनाला एका हाताने ढोल वाजवतात. खेळ हळूहळू वाढवावा, एवढं साधं पथ्य कुणी पाळत नाही. पट्टा बांधतात तोही थेट कोपरावर. तो बांधायचा असतो कोपराच्या दोन बोटं खाली.

म्हणून यंदा मी अध्यक्षांना आधीच बजावलं, ‘दिवसाला एकच मॅच, तीही डबल्स.’

‘मग लिंबू-चमच्यात नाव घालतो,’ अध्यक्ष म्हणाले. ‘त्यात हात मागेच बांधायचे असतात.’